लंडनची रिक्त जागा

आमच्या नांदगाव पेठेच्या टपरीवर एक पद २०२१ पासून रिक्त आहे. पद नांदगावचं नाही, अमरावती जिल्ह्याचंही नाही, लंडनचं आहे. डॅनिअल क्रेग ‘नो टाइम टू डाय’ करून मोकळा झाला, त्या दिवसापासून पुढचा जेम्स बाँड कोण हे ठरवायचं काम आमच्या अंगावर येऊन पडलं आहे. आम्हाला कोणी विचारलेलं नाही, हे खरं. पण न विचारता सांगणं हा वऱ्हाडातला जुना पाहुणचार आहे.

टपरी हायवेला लागून. समोरून नागपूरकडे धावणारे ट्रक, लांबवर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. परका माणूस त्या चिमण्या पाहून म्हणेल, बाँडपटातला खलनायक इथंच राहत असणार. खलनायक नाही राहत, १३५० मेगावॉट राहतात.

सभासद मोजके. गुर्जी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. कंडक्टरभाऊ एसटीतून निवृत्त, पण चहाचे पैसे देताना सुट्ट्यांवरून अजून वाद घालतात. माझा भाचा एमआयडीसीत शिफ्ट करतो आणि रात्रपाळी सुटली की डोळे चोळत येतो. मग टपरीवाला भाऊ आणि मी. मी सरकारी कारकून, वय छप्पन्न. हे वय लक्षात ठेवा, पुढं कामी येईल. कोपऱ्यातल्या बाकावर मांडीवर हेल्मेट घेऊन कोणीतरी बसलेलं असतं, त्याची गणती नाही.

पहिला दिवस नावातच गेला. भाच्यानं विचारलं, “मामा, नवा बाँड कवा येते?” मी तोंड उघडायच्या आत टपरीवाला भाऊ गाळणी आपटत म्हणाला, “यंदा पेरणीच लांबली ना बाप्पा. दसऱ्याच्या मांगंपुढं फुटन.”

त्याची पाच एकर पऱ्हाटी आहे. त्याच्या कानाला बाँड आणि बोंड सारखंच लागतं, आणि त्यानं काही बिघडत नाही. बोंडाच्या हिशेबानं बाँडचा इतिहास त्याला आमच्या आधी समजला. २००२ साली पिअर्स ब्रॉस्ननचा शेवटचा बाँडपट आला, त्याच वर्षी देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. २००६ साली क्रेग आला, त्याच वर्षी दोन जनुकांचं बोलगार्ड-२ बियाणं आलं. “वाण बदललं का चार वर्षं बरं जाते,” भाऊ म्हणतो, “मंग अळीले सवय होते.” गुलाबी बोंडअळीला सवय झालीच, २०१७ चा हंगाम आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. खलनायकाला सवय झाली की बाँड बदलायचा, एवढं साधं आहे. लंडनच्या लोकांना त्यासाठी एवढी वर्षं कशाला लागतात, हे भाऊला कळत नाही. त्याचं बियाणं मृगाच्या आधी ठरलेलं असतं.

बाँडच्या स्वभावदोषावरही त्याच्याकडे शास्त्र आहे. शेतात कामगंध सापळे लावतात. मादीचा वास ठेवायचा; नर पतंग कशाचाही विचार न करता येतो आणि पिशवीत पडतो. लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणी करायची, असा नियम. “तुमचा बाँड तं दर पिच्चरमंधी दोनदा सापडते,” भाऊ म्हणाला. “थे लोकं फवारनी काऊन नाई करत?” पंचवीस बाँडपट झाले, एकाही खलनायकाला हे सुचलेलं नाही. बिचारे बाँडला बांधून ठेवतात, आपला सगळा बेत सांगतात आणि जेवायला निघून जातात.

ज्यानं जो पहिल्यांदा पाहिला तो त्याचा बाँड, बाकी सगळे तोतये. गुर्जींचा शॉन कॉनरी. भाच्याचा क्रेग. माझा रॉजर मूर, कारण कॉलेजात असताना मी अमरावतीच्या टॉकीजमध्ये ‘ऑक्टोपसी’ पाहिला. इंग्रजीचं एक अक्षर कळलं नाही, पण ऑटोरिक्षा कळली. उदयपूरच्या गल्ल्यांतून बाँड ऑटोत बसून पळतो आहे, विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटनं गुंडांना हाणतो आहे, कबीर बेदी मागं लागला आहे. लंडनचा माणूस ऑटोत बसतो म्हणजे तो आपलाच. त्यानं भाड्यावरून घासाघीस केली नाही, एवढंच खटकलं.

आता वयाचं. मूरसाहेबांचा शेवटचा बाँडपट १९८५ चा. तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. महाराष्ट्र सरकार आम्हाला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवतं. म्हणजे निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेला माणूस आयफेल टॉवरवर एका बाईच्या मागं जिने चढत होता. मी छप्पन्नाव्या वर्षी वरच्या मजल्यावर फाईल न्यायला शिपायाला हाक मारतो. माझ्या जागेवर कोण येणार, याची चर्चा मात्र कुठल्याच टपरीवर नाही. इद्रिस एल्बाचं नाव माझ्या टेबलासाठी कोणी घेत नाही. मी गेलो की तिथं एखादा कंत्राटी पोट्टा बसवतील, नाहीतर झेरॉक्सचं मशीन ठेवतील. आमच्या घरचं मत मशीनच्या बाजूनं आहे. “थे निदान काम तं करन, आवो.”

कंडक्टरभाऊ सिनेमे पाहत नाहीत. ते सेवापुस्तक पाहतात. १९८६ साली ब्रॉस्ननची बाँड म्हणून निवड जवळपास झाली होती, पण त्याच्या जुन्या टीव्ही मालिकेनं त्याला सोडलं नाही. म्हणून टिमथी डाल्टन रुजू झाला आणि ब्रॉस्नन थेट १९९५ साली. मी हे सांगताच कंडक्टरभाऊंना गहिवरून आलं. “जुन्या डेपोनं रिलीव्हच केलं नसन त्याले. माह्यंबी असंच झालतं, मोर्शीले.” जॉर्ज लेझनबी १९६९ साली एकच सिनेमा करून गेला, तो त्यांच्या लेखी प्रोबेशन पूर्ण न केलेला उमेदवार. कॉनरी १९७१ साली परत आला, ती पुनर्नियुक्ती. पण १९८३ साली मूर इकडे बाँड करतोय आणि कॉनरी दुसऱ्या कंपनीकडून तोच बाँड करतोय, हे ऐकून ते उठूनच उभे राहिले. “एका रूटवर दोन कंडक्टर? तिकिटं कोनाची खरी मंग?”

खरी पंचाईत त्यांनी पुढं केली. शेवटच्या सिनेमात बाँड मरतो. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी मागचं वाक्य विसरावं.) “मेला ना थो? मंग भरती कायची करून राह्यले?” त्यांनी विचारलं. “त्याले पोरगी हाये ना लहान? अनुकंपावर तिलेच घ्या लागते.” सिनेमात तसं नसतं, असं भाचा तासभर सांगत होता. उपयोग झाला नाही. मुलगी सज्ञान होईपर्यंत जागा राखून ठेवावी, अशी कंडक्टरभाऊंची शिफारस आहे.

उमेदवारांची नावं भाचा आणतो. हेन्री कॅव्हिल २००५ सालच्या निवडीतही होता. तेव्हा वय कमी म्हणून राहिला. आता वय जास्त म्हणतात. “आपल्या एमपीएससीच्या पोट्ट्यासारखं झालं बिचाऱ्याचं,” गुर्जी म्हणाले, आणि त्या दिवसापासून टपरीचा सगळा कल कॅव्हिलकडे आहे. ॲरन टेलर-जॉन्सन हे नाव इथं कोणाला एका दमात उच्चारता येत नाही, म्हणून ते बाद. २०२५ च्या फेब्रुवारीत बाँडचा सगळा कारभार ॲमेझॉनकडे गेल्याची बातमी आली, तेव्हा टपरीवाला भाऊ निर्धास्त झाला. “मंग दोन दिवसांत घरपोच येईन. नाई पसंत पडला तं वापस.” कोणीही येवो, आमची अट एकच. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला असताना, सूट-टाय घालून त्यानं नांदगावहून अमरावतीच्या चित्रा चौकापर्यंत भर दुपारी स्कूटरवर जाऊन दाखवावं. तोंडाला दुपट्टा बांधला तर चालेल, पण मग बाँड आहे की जनार्दन हे कोणाला कळायचं?

घरी हा प्रश्नच नाही. आमची माय संध्याकाळी सिरियल पाहते. मागं एकदा तिच्या सिरियलमधली सून एका रात्रीत बदलली. नवी नटी, नवा चेहरा, उंचीसुद्धा वेगळी. मी म्हटलं, “माय, ही दुसरीच हाये.” मायनं क्षणभर निरखून पाहिलं आणि म्हणाली, “बारीक झाली जराशी. सासू खाऊ देत नाई ना.” दुसऱ्या दिवसापासून तिचा जीव नव्या सुनेत. बाँडपट काढणाऱ्यांनी मायसारखा प्रेक्षक जमवला असता तर त्यांना दर वर्षी माणूस बदलता आला असता.

गुर्जींचा आक्षेप मात्र मुळावरच आहे. ते म्हणतात, ‘डॉक्टर नो’ आला १९६२ च्या ऑक्टोबरात. त्याच महिन्यात आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ रंगमंचावर आलं. तिकडे एका भूमिकेला आजवर सहा माणसं लागली. इकडे प्रभाकर पणशीकर एकटे पाच रूपं घेऊन उभे राहिले. आणि लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न. “म्हंजे आपलं वऱ्हाड एका मान्साच्या पोटात लंडनले जाऊन येते,” गुर्जी म्हणाले, “अन् त्या लंडनवाल्याईले एक मानूस सापडत नाई.” त्या नाटकातलं वऱ्हाड लग्नाचं आहे, आपल्या अकोला-अमरावतीचं नाही, हे मी सांगितलं नाही. गुर्जींना ते माहीत आहे. देशपांडे गेल्यावर ते नाटक संदीप पाठक करू लागले, तेव्हा गुर्जींनी पाच वर्षं ते पाहिलं नाही आणि मग पाहून आल्यावर पाच दिवस त्याविषयी बोलले नाहीत. हेही मी काढलं नाही.

“अन् हा तुमचा गुप्तहेर,” गुर्जी म्हणाले, “ज्याले त्याले आपलं नाव दोन-दोन खेप सांगते. आधी आडनाव, मंग पूर्ण नाव. गुप्तहेर हाये का सरपंचपदाचा उमेदवार? गुप्तहेर बहिर्जी नाईक. महाराजांच्या दरबारात कोन बहिर्जी हे दरबाऱ्याईले समजत नसे.”

इथं मला माझ्या आयुष्यातला एकमेव खुलासा करता आला. मी विचारलं, “गुर्जी, ‘फर्जंद’ पाह्यला?”

“हाव. २०१८.”

“‘फत्तेशिकस्त’?”

“पुढच्या वर्षी. अमरावतीले जाऊन.”

“बहिर्जी कसा वाटला?”

“झकास. दोन्ही खेपेले.”

“पहिल्यात प्रसाद ओक होता. दुसऱ्यात हरीश दुधाडे.”

भाच्यानं मोबाइल काढून पडताळलं. खरं निघालं. आमच्याच टपरीवरच्या माणसांनी एकाच मालिकेतला गुप्तहेर बदललेला पाहिला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. ना चर्चा, ना उमेदवार, ना वयाची अट. गुर्जींनी आधी चष्मा पुसला, मग त्यांच्या तोंडावर असं काही समाधान आलं, जणू बहिर्जीला त्यांनीच पाचवीत शिकवलं होतं. “पाह्य,” ते म्हणाले. “याले म्हंतात गुप्तहेर.”

कंडक्टरभाऊ मात्र विचारात पडले. “म्हंजे नवा बाँड बी घेऊन ठेवला असन त्याईनं,” ते हळूच म्हणाले. “कामाले बी लागला असन. आपल्याले समजलं नाई फक्त.”

का कोण जाणे, सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या बाकाकडे वळल्या. हेल्मेटवाला बशीतून चहा पीत होता. तो रोज येतो. कधीपासून येतो, कोणालाच सांगता येईना, आणि नांदगावात असं होत नसतं. इथं नव्या माणसाची सासरवाडी, एकरं आणि कर्ज दुसऱ्या दिवसाच्या चहापर्यंत माहीत झालेलं असतं.

“काऊन गा भाऊ,” गुर्जींनी विचारलं, “नाव काय तुह्यं?”

त्यानं बशी खाली ठेवली, मिशी पुसली आणि आमच्याकडे शांतपणे पाहिलं.

“बोंडे,” तो म्हणाला.

“कोन्ते बोंडे?” गुर्जी खुर्ची ओढत म्हणाले. “अचलपूरचे का चांदूरबाजारचे?”