गुरुवारचा डोंगर: नवशिक्यांसाठी सायकलपाठ

डोंगरात सायकल चालवणं हे परदेशी थेर आहे, असं म्हणून कोणी नाक मुरडलं तर त्याला पुढील माहिती द्यावी. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुणांनी जाड टायरच्या जुनाट सायकली डोंगरावर चढवल्या आणि मातीच्या उतारावरून सोडून दिल्या. उतार असा, की मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली आल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे, म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रिपॅक’ पडलं. आता भोसरीपासून चाकणपर्यंत ज्या घरात कोणाच्याच नखात ग्रीस नाही असं एक घर दाखवा. खेळ आपलाच आहे. पाळीतून सवड मिळाली नाही, एवढंच.

आरंभी शपथ घ्यावी: डोंगरावर कंपनीचा विषय काढणार नाही. शपथ मोठ्याने घ्यावी, कारण ती पुढे उपयोगी पडणार आहे.

पाठ पहिला: वार आणि वेळ

पिंपरी-चिंचवडमध्ये सायकलवाल्यांच्या दोन जाती आहेत. एक रविवारची. ही हिंजवडीकडून येते, हिच्या चष्म्याचा रंग आणि मोज्यांचा रंग एकच असतो. दुसरी गुरुवारची, कारण भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. नवशिक्याने गुरुवार धरावा. त्या दिवशी डोंगरावर गर्दी नसते, त्यामुळे पडलात तर पाहायला फक्त शेळ्या असतात, आणि शेळ्या फोटो काढत नाहीत.

वेळ पहाटेची. तिसरी पाळी सुटलेली नाही आणि पहिल्या पाळीच्या बसेस अजून सोसायट्यांच्या कोपऱ्यांवर उभ्या राहिलेल्या नाहीत, अशी एक फट असते. त्या फटीतून निघावं. उशीर झाला तर कोपऱ्यावरचे सहकारी तुम्हाला हेल्मेटमध्ये पाहतील आणि पुढचा महिनाभर कँटीनमध्ये तुमचं नाव ‘ऑलिंपिक’ राहील.

पाठ दुसरा: सायकल

या पट्ट्यातला माणूस सायकल विकत घेत नाही, तिचं इन्स्पेक्शन करतो. तो फ्रेमच्या जोडावरून अंगठा फिरवतो, वेल्डिंग टिग की मिग ते विचारतो, पुढचं चाक उचलून फिरवतो आणि रिम डुगडुगते का ते एक डोळा मिटून बघतो. दुकानातल्या पोराला घाम फुटतो. शेवटी ‘मटेरियलला मानलं’ असं म्हणून तो घरी जातो आणि तीन कोटेशनं मागवतो. ही पायरी टाळता येत नाही.

एक गोष्ट मात्र इन्स्पेक्शनमध्ये हमखास सुटते: व्हॉल्व्ह. महागड्या सायकलींच्या ट्यूबला बऱ्याचदा ‘प्रेस्टा’ नावाचा काडीसारखा बारीक व्हॉल्व्ह असतो. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे कंटेनरच्या चाकात हवा भरायची सोय असते, या काडीसाठी नसते. तो तुमच्या ट्यूबकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो, आणि चहा सांगतो. म्हणून पाच-पन्नास रुपयांचं पितळी ॲडॉप्टर खिशात ठेवावं. ते बसलं तरी काँप्रेसर आपल्या हातात ठेवावा. डोंगरातल्या जाड टायरला पंचवीस-तीस पीएसआय पुष्कळ होतात. त्याच्या हाताला ट्रकची, म्हणजे शंभराच्या वरची सवय असते.

पाठ तिसरा: वाट

इंग्लंडातल्या खेड्यांत घोडेस्वारांसाठी शेता-कुरणांतून राखलेल्या जुन्या वाटा आहेत. १९६८च्या कायद्याने त्यांवर सायकल न्यायची मुभा मिळाली, अट एवढीच की पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. आपल्याकडे घोडा नसला तरी पाणंद आहे. तलाठ्याकडच्या गावनकाशात गाडीवाट दोन तुटक रेघांनी आणि पायवाट एका तुटक रेघेने दाखवलेली असते. नवशिक्याने त्या रेघा पाठ कराव्यात आणि मग जागेवर जावं.

जागेवर पुढीलपैकी एक गोष्ट सापडते. (अ) पाणंद. अभिनंदन. (आ) पत्र्याचं कुंपण आणि ‘ही मिळकत विकणे नाही’ असा फलक. (इ) पत्र्याचं कुंपण आणि ‘एनए प्लॉट विकणे आहे’ असा फलक. (ई) दोन्ही फलक शेजारी शेजारी. म्हणजे भावाभावांत दावा चालू आहे, तिथे क्षणभरही थांबू नये. फोनवरचा नकाशा ‘सरळ जा’ म्हणतच राहतो. त्याने सातबारा पाहिलेला नसतो.

वाट देण्याचा आपला क्रम असा: आधी म्हैस, मग दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल, मग सिमेंटचा मिक्सर, मग कुत्रं, मग तुम्ही. कुत्रं मागे लागलं तर वेग वाढवू नये. उतरून सायकल हातात धरून चालू लागावं, की त्याचा तुमच्यातला रस संपतो.

पाठ चौथा: मार्ग

परदेशात मार्गांना रंग देतात: हिरवा सोपा, निळा मध्यम, लाल अवघड, काळा जिवावरचा. ती पद्धत आम्ही इथे वापरली, पण निकाल उलटा लागला. डोंगर सगळे हिरवे ठरले. काळे ठरले ते डोंगरापर्यंतचे रस्ते.

*मार्ग एक, घोराडेश्वर.* सुरुवात निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून. तिथला १०७ मीटर उंच ध्वजस्तंभ पाठीशी ठेवून जुन्या मुंबई रस्त्याने देहूरोड ओलांडावं. वाटेत लष्करी हद्दीचे फलक लागतात. झाडीतून शॉर्टकट किती छान दिसतो ते दुरूनच बघावं. शेलारवाडीच्या या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, त्यातल्या एकात महादेव आहे. वर जायला पायऱ्या आहेत आणि पायऱ्या भाविकांच्या आहेत. सायकल पायथ्याच्या मुरमाड वाटांवरच फिरवावी. महाशिवरात्रीला फिरकू नये. परतताना मांड्यांनी संप पुकारला तर बेगडेवाडीला लोकल थांबते.

*मार्ग दोन, भंडारा.* देहूपलीकडे, इंद्रायणीच्या उत्तरेला. वरपर्यंत गाडीरस्ता असल्याने नवशिक्याला उत्तम. मात्र त्यासाठी तळेगाव-चाकण रस्ता गाठावा लागतो, जिथे मोटारी वाहून नेणारे ट्रेलर एका वेळी सात-आठ नव्या कोऱ्या गाड्या घेऊन तुमच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून जातात. त्या गाड्यांतली एखादी तुम्हीच परवा लाइनवरून काढली असेल. ती ओळख दाखवत नाही. माघ शुद्ध दशमीला इथे वारकऱ्यांची दाटी असते. त्या दिवशी सायकल घरी आणि टाळ बरोबर.

*मार्ग तीन, भामचंद्र.* हा पदवी परीक्षेचा मार्ग. चाकणच्या आंबेठाण चौकातून शिंदे-वासुलीकडे. आधी चाकण पार करावं लागतं. १६६० साली शाहिस्तेखान प्रचंड फौज घेऊन इथे आला, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्गावर त्याला पन्नासहून जास्त दिवस रोखून धरलं. इतिहासकार याचं श्रेय किल्लेदाराच्या शौर्याला देतात, ते रास्तच आहे. पण संध्याकाळी सहा वाजता तळेगाव चौकात उभं राहिलं, की खानाबद्दलही थोडी सहानुभूती वाटू लागते.

हे तिन्ही डोंगर आमचा शोध नव्हे. घोराडेश्वर, भंडारा, भामचंद्र: देहूतला घरसंसार आणि दुकान मागे ठेवून तुकोबा एकांताला जात ते हेच डोंगर. म्हणजे या पट्ट्यातला पहिला मार्गनकाशा चारशे वर्षांपूर्वीच आखून झाला, तोही सस्पेन्शनशिवाय.

पाठ पाचवा: हवामान

पावसाळ्यात डोंगर इतका हिरवा होतो की डोकं फिरतं. तरी पाणंदीत शिरू नये. काळी माती टायरला चिकटते, मग फ्रेमला, मग टायर आणि फ्रेम यांच्या मधल्या जागेत भरते, आणि चाक फिरायचं थांबतं. तेरा किलोची सायकल वीस किलोची होते आणि तुमच्या खांद्यावर बसते. उन्हाळ्यात चिखल नसतो, त्याची जागा बाभळीचा काटा घेतो. काटा बसला की उपटण्याआधी जागेवर खडूने खूण करावी. खडू नसेल तर तिथे थुंकी लावावी. बुडबुडे येतील तिथे छिद्र. दिवाळीच्या आगेमागे माती बसलेली असते, काटे गवतात लपलेले असतात. तो मोसम सर्वांत चांगला.

पाठ सहावा: माथ्यावर

समजा, तुम्ही भामचंद्रावर पोचलात. सायकल गावातल्या ओळखीच्या अंगणात ठेवून शेवटची चढण पायी आलात, ते योग्य केलंत. गुहांत वारकरी विद्यार्थी अभ्यासाला राहतात. आवाज करू नये, वेफर्सचं पाकीट कुरकुरवू नये.

आता एकांत घ्यावा.

पहिल्या मिनिटाला पाणी प्यावं. दुसऱ्या मिनिटाला खाली नजर जाते. पायथ्यापासून एमआयडीसी पसरलेली असते, पांढऱ्या-निळ्या पत्र्यांची छपरं, एकाला लागून एक. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी हात लांब करतो: ‘ती पाण्याची टाकी दिसते? तिच्या डावीकडचं. ते आपलं.’ दुसरा म्हणतो, ‘आमचं त्याच्या मागे, इथून दिसत नाही,’ आणि त्याला खरोखर वाईट वाटतं. ज्याच्यापासून पळायला पहाटे चारला उठलो, तेच शोधायला सगळे डोळे बारीक करून उभे राहतात. शपथ मोडली गेली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पाचव्या मिनिटाला एकजण पुटपुटतो, ‘दोन नंबर गेटला ट्रेलरची रांग लागलीय. डिस्पॅच अडकलं वाटतं,’ आणि त्याचा हात खिशातल्या फोनकडे जातो.

अशा वेळी उपदेश करू नये. त्याला खांद्याला धरून खाली आणावं, सायकलवर बसवावं आणि पायथ्याच्या गाडीवाटेवर पुढे सोडावं. सुट्ट्या मुरमावर उतार लागला की दोन बोटं डाव्या ब्रेकवर, दोन उजव्या, आणि उरलेली सगळी हँडलला. फोन धरायला अकरावं बोट लागतं. ते अजून कोणत्याही कंपनीने काढलेलं नाही.