वाटीखालचे शास्त्र

छत्रीशोधक हा मोरगावात पावसाळ्यात आढळणारा, बहुधा निवृत्त आणि कायम ओणवा असलेला गृहस्थ होय. आळीत असा एक असतोच. दोन असले तर त्यांचे पटत नाही. हिरवळीवर उगवलेल्या कुत्र्याच्या छत्र्यांची नावे शोधणे हा त्याचा उद्योग. मात्र ‘कुत्र्याच्या’ म्हटलेले त्याला खपत नाही. ‘भूछत्र म्हणा,’ असे तो बजावतो, आणि कोणी भूछत्र म्हटलेच तर ते ‘कवक’ असे दुरुस्त करतो.

त्याचे ओणवेपण गावात कोणाला खटकत नाही. हिरवळीतली हरळी म्हणजेच दुर्वा. मयूरेश्वराच्या गावात गवतात गुडघे टेकलेला माणूस दुर्वाच खुडत असणार, असे सगळे धरून चालतात. भाद्रपदातल्या चतुर्थीला तर भाविक त्याला जुडीचा भाव विचारतात. तो भाव सांगत नाही, छत्रीच्या दांड्याचे बूड दाखवतो. भाविक पुढचे दुकान गाठतात.

आता अधिवास. बारामती तालुक्याचा हा पट्टा पर्जन्यछायेतला, जिरायती. इथे ‘लॉन’ म्हणजे मंगल कार्यालय. टंचाईत पिण्याच्या पाण्याला टँकरची वाट पाहावी लागते, पण लग्नाची तारीख धरलेली असली की लॉन हिरवेगार असते. छत्रीला यातले राजकारण कळत नाही. तिचे खरे शरीर म्हणजे मातीतले बारीक धाग्यांचे जाळे. वर दिसते ते आंब्याच्या झाडाला आंबा लागावा तसे फळ. पाणी कोणाच्याही पैशाचे असो, ओल मिळाली की ते रातोरात वर येते.

ओळखण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी टोपी पाहायची, मग टोपीखालचे पातळ पडदे, दांड्यावरचे कडे, बूड आणि शेवटी वास. नाजूक, छत्रीच्या काड्यांसारख्या रेघा असलेली, सकाळी ताठ आणि दुपारी आडवी होणारी छत्री बहुधा काळ्या बीजाणूंच्या कुळातली. इथपर्यंत घरच्यांना तक्रार नसते. तक्रार बीजाणूंच्या रंगापाशी सुरू होते, कारण त्यासाठी वाटी लागते. दांडा कापून टोपी कागदावर पालथी घालायची, वर वाटी झाकायची आणि रात्रभर थांबायचे. सकाळी कागदावर बीजाणूंची रांगोळी उमटते. पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत, म्हणून अर्धी टोपी लग्नपत्रिकेवर आणि अर्धी घरातल्या कोणाच्या तरी छातीच्या एक्स-रेवर. आषाढ-श्रावणात या घरात वाटी उताणी सापडत नाही. पाहुण्यांना आमटी पेल्यातून मिळते.

घरच्या वाट्या संपल्या की तो बाहेर हात घालतो. एका जेठातल्या लग्नात, आदल्या रात्री वळीव झालेला असताना, त्याने व्यासपीठामागे तीन वाट्या पालथ्या घातल्या. केटररने मोजणी केली, वाढप्यांवर आळ आला, आणि अखेर एका वाढप्याने त्या शोधून खालची ‘घाण’ फडक्याने चकाचक पुसली. छत्रीशोधक त्या दिवशी न जेवता घरी गेला.

एवढ्या वाट्या अडवून तो नाव सांगतो का? नाही. ‘सूक्ष्मदर्शकाशिवाय खात्री नाही,’ हे त्याचे उत्तर. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८० साली काढलेल्या छत्र्यांवरील ग्रंथाच्या काही पानांची झेरॉक्स त्याच्यापाशी असते. हवे ते पान तिच्यात नसते. चिडतो मात्र तो खात्रीने. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्याने खाल्ली तर चांगली, शिजवली की विष जाते, असे कोणी म्हटले की त्याचा आवाज चढतो. यातले एकही खरे नाही, हे मान्यच करावे लागते.

आणखीही एक गोष्ट मान्य करावी लागते. लॉनची राखण करणाऱ्या एका बाईने पदरात भरभरून पांढऱ्या, रुंद, मांसल छत्र्या वेचल्या होत्या. चूल पेटलेली होती. ‘सकाळपर्यंत थांब, बाई,’ म्हणून त्याने एक छत्री मागून घेतली आणि बाईचीच वाटी त्या छत्रीवर पालथी घातली. पोरे भाकरी-चटणीवर निजली, बाई मनातून चिडली. सकाळी कागदावर हिरवट भुकटी होती. हिरवळीवर उगवणारी ही क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस. कोवळेपणी पडदे पांढरे असल्याने खाण्याजोगी वाटते आणि काही तासांत उलट्या-जुलाबांनी माणसाला आडवे करते. त्या दिवशी त्याने खात्री नाही असे म्हटले नाही. ‘पुरून टाक,’ एवढेच म्हणाला. दुपारी बाईने त्याच्या घरी ती वाटी धाडली, उताणी, पिठल्याने भरलेली.

पाऊस दगा देतो त्या वर्षी लॉनही पिवळे पडते. तरी तो सहा वाजता फेरी मारतो, दोन-तीन ठिकाणी ओणवतो, हात झटकून परत येतो. वाट्या मांडणीत असतात. आभाळ भरून आले की घरातली बाई, एरवी वाट्यांवरून भांडणारी, एक चेपलेली वाटी न बोलता खिडकीत काढून ठेवते. ढग पुष्कळदा पुरंदरच्या बाजूलाच मोकळे होतात.