फादरांची बदली

वसईच्या पट्ट्यात मे महिन्यात दोन अंदाज बांधले जातात. पाऊस कधी येणार आणि फादरांची बदली होणार का. वेधशाळा चुकते, दुसऱ्या बाबतीत चर्चसमोरच्या कट्ट्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

धर्मग्रामाचा (पॅरिशचा) प्रमुख धर्मगुरू व्हायचं म्हणजे आधी सेमिनरीत वर्षानुवर्षं तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान घोटायचं. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. एवढं करून हाती येतो तो किल्ल्यांचा जुडगा. चर्चची, सभागृहाची, दफनभूमीच्या फाटकाची, आणि एखादी अशी, की ती कशाची हे मागच्या फादरांनाही ठाऊक नव्हतं. सेमिनरीत थॉमस अक्वायनस शिकवतात. पण टाकी भरून वाहू लागली तर काय करायचं, मांडववाल्याशी घासाघीस कशी करायची, गायकवृंदातल्या दोघींचा अबोला कसा सोडवायचा, हे तिथे कुणी शिकवत नाही. आणि फादरांचा निम्मा दिवस जातो तो याच विषयांत.

शिवाय दप्तर. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या वह्या नीट ठेवणं हे चर्चच्या कायद्यानंच त्यांच्या गळ्यात घातलेलं काम. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी पुढे लग्नाचीही नोंद होते, म्हणजे जन्माला आल्यापासून बोहल्यावर चढेपर्यंतचा माणूस एका आडव्या ओळीत मावतो. अशी एखादी ओळ हवी असलेला तरुण नेमका शनिवारी दुपारी येतो, फादर नुकते आडवे झालेले असताना. परदेशी निघालेला असतो. त्याला दाखला आजच हवा असतो, आणि आजोबांचं नाव वहीत तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेलं असतं.

बढतीचं विचाराल तर ती जवळजवळ नाहीच. बिशप एकच, आणि त्या खुर्चीसाठी अर्ज मागवत नाहीत. उरली मॉन्सिन्योर ही मानाची पदवी. तीसुद्धा सामान्य धर्मगुरूंना पासष्टीनंतरच द्यायची, असं पोप फ्रान्सिस यांनी 2014 साली ठरवून टाकलं. म्हणजे तरुणपणी मिरवायची सोयच नाही. मला हा निर्णय आवडला. आमच्याकडच्या काही फादरांना तो तितकासा आवडला नसावा.

या पेशाचे आश्रयदाते संत जॉन व्हिएनी. लॅटिनमध्ये इतके कच्चे की दीक्षा मिळते की नाही अशी वेळ आलेली. 1818 मध्ये त्यांना फ्रान्समधल्या आर्स नावाच्या खेड्यात धाडलं. तिथे पुढे पापनिवेदनाला एवढी रीघ लागली की ते दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास त्या लाकडी खोपटात बसून असत. वैतागून ते एकापेक्षा जास्त वेळा रात्रीचे गाव सोडून निघाले; लोकांनी त्यांना काही सोडलं नाही. 1859 मध्ये तिथेच वारले. बदली मागून न मिळालेल्या माणसाला सगळ्या प्रमुख धर्मगुरूंचा आश्रयदाता केलं, यात रोमची थोडी मिस्किली असावी असा मला दाट संशय आहे.

आमच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वाट थोडी वेगळी काढली. ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, आणि 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईकरांच्या लेखी मात्र ते शेवटपर्यंत फादरच. मान मोठा असला तरी हाक बदलत नाही.

प्रवचनाचा विषय नाजूक आहे. ते आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका, लोक झोपतात, असं पोप फ्रान्सिसच 2024 मध्ये म्हणाले. आमच्याकडे आठ मिनिटांत फादरांची प्रस्तावना होते. तरी एखादे फादर सातव्या मिनिटाला थांबलेच, तर बाहेर पडताना मावशी म्हणणार, “आज फादरांना बरं नाही वाटतं?”

पंच्याहत्तरी झाली की राजीनामा बिशपांकडे पाठवायचा असा नियम आहे. तो लगेच मंजूर होतोच असं नाही. झालाच, तर फादर निवृत्तांच्या घरी जातात, आणि सणाला जुन्या धर्मग्रामात पाहुणे म्हणून येतात. मिस्सा संपल्यावर लोक त्यांच्याभोवती गोळा होतात. “फादर, तुमच्या वेळी माईक कसा खणखणीत होता!” फादर हसतात. त्याच माईकबद्दल याच मंडळींनी बिशपांना निनावी पत्र धाडलं होतं. अक्षर कुणाचं ते फादरांनी तेव्हाच ओळखलं होतं. त्या अक्षरातले लग्नाचे अर्ज त्यांच्याच दप्तरात होते.