वाटीचे ग्रॅम करताना घ्यावयाची दक्षता

भाजीचे माप वाटीतून ग्रॅममध्ये नेणे हे जबाबदारीचे काम आहे. पाहुणे दारात चपला काढत असताना ते हाती घेऊ नये.

प्रथम वाटी निश्चित करावी. मराठी घरात आमटीची वाटी, श्रीखंडाची वाटी, लग्नाच्या आहेरातली नाव कोरलेली वाटी आणि शेजारून खीर घेऊन आलेली व अद्याप परत न गेलेली वाटी, अशा निरनिराळ्या वाट्या नांदत असतात. कृतीतली 'एक वाटी' यांपैकी कोणती, हे विचारू नये. अमेरिकेत १८९६ साली फॅनी फार्मर या बाईंनी पाककृतींचे पुस्तक काढले आणि काठाशी सपाट केलेल्या कपाचा आग्रह धरला. तिथला कप आज सुमारे २३७ मिलिलिटरचा आहे. आपल्या वाटीला असा कोणी वाली भेटला नाही. म्हणून रिकामी वाटी काट्यावर ठेवावी, काटा शून्यावर आणावा आणि काठोकाठ पाणी भरावे. जितके ग्रॅम पाणी, तितक्या मिलिलिटरची वाटी. या प्रयोगासाठी शेजारची वाटी वापरू नये; ती कधीही मागितली जाऊ शकते.

आता कांदा. अमेरिकन कपात बारीक चिरलेला कांदा साधारण १६० ग्रॅम बसतो, उभा पातळ चिरलेला ११५ च्या आसपास. उरलेल्या जागेत हवा असते आणि ती फोडणीला उपयोगी नाही. मटार सोललेला की शेंगांसकट, हे आधी ठरवावे. किलोभर शेंगांतून निम्म्याहूनही कमी दाणे निघतात, त्यातले काही सोलणाऱ्याच्या तोंडात जातात. ही घट हिशेबात धरावी, तिची चौकशी करू नये.

पालेभाजीपाशी मात्र भल्याभल्यांचे गणित कोलमडते. कपभर कच्चा चिरलेला पालक सुमारे ३० ग्रॅम, आणि शिजवून निथळलेला १८० ग्रॅम. कप तोच, भाजी तीच. पानांमधली हवा गेली, पेशींतले पाणी सुटले आणि कढईबाहेर सांडणारा ढीग तळाशी जाऊन बसला. घरात तीन माणसे कढईकडे आणि मग एकमेकांकडे बघतात, ते याच क्षणी. आमच्याकडे पालेभाजीत मीठ ती बसल्यावर घालतात, त्याचे कारणही हेच: ढीग पाहून घातलेले मीठ शेवटी मूठभर भाजीला झेलावे लागते. कृतीत 'वाटीभर, दाबून' असे असल्यास कोणी दाबायचे हेही लिहायला हवे. सासूबाईंच्या हाताने दाबलेली मेथी आणि जावईबापूंनी दाबलेली मेथी यांची वजने जुळणार नाहीत.

त्यात मंडईत मेथी ना वाटीने मिळते ना ग्रॅमने. ती जुडीने मिळते. पावसाळ्यात त्या जुडीत पाणी, माती आणि देठ यांचाही वाटा असतो. भाजीवाल्या मावशींना "या जुडीचे निवडून किती ग्रॅम होतील?" असे विचारू नये. "घ्यायचीय का ताई?" हे उत्तर ठरलेले आहे.

शेराच्या काळातही काही फार सोपे नव्हते. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, म्हणजे पावशेर झाला २३३. वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि पावशेराचा पावकिलो झाला. भेंडी सतरा ग्रॅमने वाढली, भाजीची कृती तीच राहिली.

कृतीतला शब्दक्रमही तपासावा. 'एक वाटी चिरलेला कोबी' आणि 'पाव किलो कोबी, चिरून' यांत दांडा आणि वरची पाने कोणाच्या खात्यावर, हा वाद आहे. वजन बहुधा निवडण्याआधीचे असते, वाटी निवडल्यानंतरची.

घरात काटा नसेल तर भाजीवाल्याकडून पाव किलो भाजी तोलून आणावी, निवडून-चिरून आपल्या वाटीने मोजावी आणि आलेला आकडा कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलीने लिहावा. पेनानेच लिहायचा हट्ट असेल, तर आधी घरातल्या मुख्य वाटीची मालकीण कोण, ते नक्की करून घ्या.