अप्रिय ऐप्टेशियास

अप्रिय ऐप्टेशिया,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची आमच्याकडे रीत आहे. तुझ्यासाठी ती मोडतो.

न्यू जर्सीतल्या आमच्या ४० गॅलनच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तू, एक समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन), न विचारता शिरलीस, लाइव्ह रॉकच्या एका भोकात अंग चोरून. दुकानात तो खडक मी उलटासुलटा करून पाहिला होता. तू दिसली नाहीस, कारण धक्का लागला की तू आक्रसून भोकात नाहीशी होतेस. पंधरवड्याने काचेजवळ तपकिरी, पारदर्शक, नखाएवढं फूल उमललं. "बाबा, नवा पाहुणा आला!" म्हणून माझी मुलगी नाचली. तिचा तो आनंद आठवला की तुझा राग दुपटीने येतो.

तुझ्या फुलाला डंख आहे. शेजारी झोअँथिड या पोवळ्यासारख्या जिवांची वसाहत होती, हिरवी-केशरी, मुलीने स्वतः निवडलेली. तिच्यावर तू तुझे तंतू टेकवलेस आणि एकेक पॉलिप मिटत गेला. मिटलेला पुन्हा उघडला नाही. तुझ्या अंगातलं सूक्ष्म शैवाल उजेडावर तुला अन्न करून घालतं, माशांच्या खाण्यातलं उरलंसुरलंही तूच गिळतेस. घरात दोन चुली पेटलेल्या असताना शेजाऱ्याच्या ओसरीवर डोळा ठेवणाऱ्याला आम्ही हावरट म्हणतो. तुलाही तेच म्हणतो.

पहिल्या रागात मी तुला चिमट्याने खरवडलं. तिथे चुकलो. तू पांढरे, डंखांनी भरलेले धागे बाहेर फेकलेस आणि तळपायाचा कण खडकावर सोडून गेलीस. त्या कणातून नवी तू उभी राहिलीस. रक्तबीजाचा निदान थेंब सांडावा लागे. तू तर जागा बदलताना आपण होऊन तुकडे मागे टाकत जातेस. महिन्याभरात एकीच्या अकरा मोजल्या.

मग कोळंबी आणली. पेपरमिंट कोळंबी तुला खाते, पण दुकानदाराने त्या नावाखाली कॅमल कोळंबी हातात ठेवली. पाठीला कुबड आणि अंगभर लाल-पांढरी नक्षी बघूनच मला कळायला हवं होतं. तिने तुला तोंड लावलं नाही, उरलेली झोअँथिड मात्र कुरतडली.

त्यानंतर चुना. इथले छंदिष्ट ज्याला जर्मन शब्दाने कल्कवॉसर म्हणतात, ती आपली चुन्याची निवळी. तोच चुना दाट कालवून, पंप बंद ठेवून, सिरिंजने थेट तुझ्या तोंडावर सोडला. एका वेळी तीन-चार जागीच, कारण चुना जास्त झाला की पाण्याचा पीएच झपाट्याने चढतो आणि तुझ्या गुन्ह्याची शिक्षा माशांना होते. समोरच्या सगळ्या गेल्या. खडकाच्या पोटात दडलेल्यांपर्यंत सुई पोचली नाही.

तुझं महत्त्व मला माहीत आहे. सहज वाढतेस आणि पोवळ्यांसारखंच शैवाल अंगात बाळगतेस, म्हणून पोवळी पांढरी का पडतात हे समजून घ्यायला शास्त्रज्ञ तुझ्यावर प्रयोग करतात. २०१५ मध्ये तुझा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगशाळांमध्ये तू सुखाने राहा. माझ्या टाकीत तुला जागा नाही.

आता बर्गिया आल्या आहेत. बोटाच्या पेराहून लहान, अंगभर झालरी असलेल्या या समुद्री गोगलगायी तुझ्याशिवाय काही खात नाहीत. दिवसा लपतात, रात्री त्याच भोकांमध्ये शिरतात जिथे माझी सुई हरली. त्यांना टिपणारा सिक्स-लाइन रॅस हा मासा मी आधीच मित्राकडे पोचवला. काल रात्री टॉर्चच्या उजेडात त्यांच्या अंड्यांची पांढरी वेटोळी दिसली आणि कित्येक आठवड्यांनी मी शांत झोपलो. तू संपलीस की त्या उपाशी मरतील, म्हणून पुढे कुणाच्या टाकीत पाठवायच्या हेही ठरलं आहे. तुझे नातलग तिथेही आहेत.

आता हे पत्र वाचणाऱ्या टाकीवाल्यांना दोन शब्द. वैतागून खडक उकळत्या पाण्यात टाकू नका. त्यावर झोअँथिड असतील तर त्यांच्यात असू शकणारं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर घरभर पसरतं. माणसं त्याने गंभीर आजारी पडली आहेत. आणि नवा खडक किंवा फ्रॅग (पोवळ्याचा तुकडा) आणलात तर आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा, रोज रात्री टॉर्च मारून प्रत्येक भोक बघा. एवढं मी केलं असतं तर माझ्या मुलीची झोअँथिड आज जिवंत असती.