पैलवान निघाला सावंतवाडीला

"काय ओ वहिनी, कपडे वाळत घालायलाय का त्या गाडीकडं बघत उभारलाय?"

"दोन्ही करायलोय. मास्तरांच्या दारात ती केवढी गाडी, आक्का? मला आधी रुग्णवाहिकाच वाटली. पोटात गोळा आला."

"मलाबी तसंच वाटलं. म्हणून चपला सरकवल्या आणि थेट आत जाऊन बघून आलो. बाहेरनं आपला टेम्पो ट्रॅव्हलर, खरं आत शिरलं की घर! पलंग, ओटा, बेसिन, इवलासा फ्रिज. मागं संडास. मोटारहोम म्हणतात त्याला. भाड्यानं आणल्यात. सरकारनं २०२१ ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं तवापासनं पेपरात वाचत होतो, रुईकर कॉलनीत आता कुठं दिसली."

"आणि निघाल्यात कुठं? काशीला?"

"काशी कसली! सावंतवाडी."

"एवढ्याशासाठी घर घेऊन? सकाळच्या एस्टीत बसलं की माणूस दुपारच्या जेवणाला पोचतोय तिथं."

"माणूस पोचतोय ओ. बोका?"

"म्हणजे त्या पैलवानासाठी हे सगळं?"

"मग काय! मास्तरीण बाईंची मैत्रीण हाय तिथं, मोती तलावाच्या जवळ. पद्माराजे शाळेत दोघी एका बाकावर. आता तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती काय येऊ शकत नाही. रोज फोन, 'कधी येतीस, कधी येतीस.' आणि ह्यांचं घोडं पैलवानापाशी अडलेलं. मागं लग्नाला गेले तवा भाच्याकडं ठेवला होता त्याला. कपाटाच्या मागं जाऊन बसला, अन्नाला तोंड लावंना. लग्न अर्ध्यात टाकून आले परत."

"कुत्रं असतं तर गेलं असतं मागनं."

"कुत्रं माणूस धरून असतंय, मांजर घर धरून. मग मास्तर म्हणाले, घरच नेऊ या. कालपासनं गाडी दारात लावून ठेवलीया, त्याला वास घेऊ दे म्हणून. त्याची मळकी चादर धुवायची नाही, तशीच टाकायची आत. स्वतःचा वास असला की जीव थाऱ्यावर राहतोय म्हणं."

"आणि बसणार कुठं? मांडीवर?"

"छे! पिंजरा. गाडी सुरू हाय तोवर पिंजऱ्यातनं काढायचा नाही, डॉक्टरांची सक्त ताकीद. ब्रेकखाली गेला तर? निघायच्या आधी तीन-चार तास पोटात काही नाही. घाटात उलटी होती मांजरांना, लाळ गळती. आणि दूध तर आता कायमचं बंद. मास्तर गंगावेशीतनं धारोष्ण आणून पाजत होते ना! नावाचा पैलवान, पण मोठ्या मांजराला दूध पचतच नाही बहुतेक करून. पिंजऱ्यावर कापड टाकायचं, बाहेरचं दिसलं नाही की गप्प पडतंय."

"अहो, हे तर आपल्या चित्त्यांसारखं झालं."

"तेच म्हणालो मी! बाई हसायला लागल्या. खरं मांजराला गाडीत घालून फिरवायची रीत कोल्हापुरात जुनीच हाय. शाहू महाराजांच्या चित्तेपारधीत दुसरं काय होतं? चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालायची, गाडीतनं माळावर न्यायचा, गुमान बसायचा गडी. काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची, मग सुटला. भावनगरचे भावसिंहजी महाराजांचे राजकोटच्या राजकुमार कॉलेजातले दोस्त, त्यांच्याकडंबी चित्ते. देशातले संपत आले तसे ह्या दोन्ही संस्थानांनी आफ्रिकेतनं आणवले."

"आणि २०२२ ला नामिबियातनं आठ चित्ते कुनोला आणले तवा सगळा देश टीव्हीला चिकटला होता!"

"आपल्याला काय त्याचं अप्रूप? आणि चित्ता काय वाघासारखी डरकाळी फोडत नाही बरं का. मांजरासारखाच गुरगुरतोय."

"ते असू दे. मला एक सांगा आक्का, त्या गाडीतल्या संडासाचं पुढं काय होतंय?"

"मी पहिल्यांदा तेच विचारलो! खाली टाकी असती, भरली की नीट जागा बघून रिकामी करायची. मास्तर म्हणाले, ती भानगडच नको. आम्ही पंपावर जाऊ, आतला संडास पैलवानाला. त्याची मातीची ताटली तिथं मांडलीया."

"म्हणजे माणसं पंपावर आणि बोका राजेशाहीत! भाडं तरी किती?"

"ते इचारू नका. मास्तरांनी आकडा सांगितला आणि मी पाणी मागितलो. चारदा एस्टीनं जाऊन आले असते दोघं, वर मैत्रिणीला साडी. खरं माझं मत विचाराल तर बरोबर केलं त्यांनी. मांजराचं निमित्त करून बाई बसून राहिल्या असत्या आणि एक दिवस फोन यायचा बंद झाला असता. पैसे काय वर न्यायचेत?"

"रात्री झोपणार त्यातच?"

"मैत्रिणीच्या अंगणात लावणार. बाई तिच्याजवळ आत, मास्तर आणि पैलवान गाडीत. नव्या घरात सोडला तर पळून जायचा ओ, अनोळखी गावात कुठं हुडकायचा? निपाणी, उत्तूर, आजरा करत आंबोलीतनं उतरणार."

"आंबोलीत माकडं हायत की! धबधब्यापाशी खिडकीवरच बसत्यात."

"अगं बाई, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! कणीस दिसलं तर हातातनं ओढून घेत्यात, बोका दिसला तर काय करतील? आणि पिंजऱ्यात हा फुगून तोफ होणार. वहिनी, जावा बघू तुम्ही, बाईंना सांगा, आंबोलीत काचा बंद, गाडी थांबवायची नाही, भजीसुद्धा आजऱ्यातच खाऊन घ्या म्हणावं. मी गेलो असतो ओ, खरं सकाळपासनं तीनदा जाऊन आलोय. आता गेलो तर मास्तर म्हणतील, आक्का, तुम्हीबी बसा गाडीत."