स्क्रममास्तर

सकाळी दहाच्या सुमारास लोअर परळच्या कुठल्याही गिरणी कंपाउंडात शिरा. काचेचं ऑफिस, आत पिवळ्या चिठ्ठ्यांनी माखलेली भिंत आणि भिंतीपुढे गोल करून उभी असलेली सात-आठ झोपाळू माणसं दिसतील. त्यांतला जो एकटाच ताजातवाना, तो स्क्रममास्तर. त्याच्या कार्डावर ‘मास्टर’ छापलंय. आम्ही मास्तर म्हणतो, कारण तो हजेरी घेतो.

“काल काय केलं? आज काय करणार? अडलंय कुठे?” हे त्याचे रोजचे तीन प्रश्न. बसलं की माणूस पाल्हाळ लावतो, म्हणून बैठक उभ्यानं आणि 15 मिनिटांत उरकायची, असा नियम. आमची पाऊण तास चालते. क्लायंट सर्व्हिसिंगची मुलगी विरारहून येते, तिला उभ्यानं झोपायची सवय आहे. बाकीच्यांचे हाल होतात. मी या टीममध्ये जाहिरातींचे मथळे लिहितो. ‘काल मथळा लिहिला, आज मथळा लिहिणार, अडलंय इथे, या बैठकीत’ हे उत्तर मी रोज मनात देतो.

मास्तरचा पंथ तसा परदेशी. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी 17 सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी अजाईल जाहीरनामा काढला. म्हणणं अगदी साधं होतं: ढीगभर कागदांपेक्षा चालणारी वस्तू बरी, आणि आराखड्याला कवटाळून बसण्यापेक्षा बदलाला तोंड देणं बरं. 2012 साली सॅन फ्रान्सिस्कोत मार्केटिंगवाल्यांनी स्वतःचा असाच जाहीरनामा केला. तिथून आमच्या कंपाउंडात येईपर्यंत त्याचा सत्यनारायण झाला. पोथी, अध्याय, प्रसाद सगळं यथासांग. पूजा कशासाठी घातली तेवढं विचारू नये.

मास्तर लालबागचा. ऑफिसला चालत येतो. डिलाईल रोडचा पूल जुलै 2018 मध्ये बंद झाला तो पुरता खुला व्हायला नोव्हेंबर 2023 उजाडलं. तेवढी वर्षं त्याला रोजचा दाखला मिळाला. “बघा, छोटे छोटे स्प्रिंट न पाडता मोठं काम अंगावर घेतलं की असं होतं.” पूल झाला आणि मास्तर जरा पोरका झाल्यासारखा वाटला.

त्याचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप त्यांच्या लेखी अजून मिटलेला नाही. त्यांनी एकदा मुलाच्या कामाची चौकशी केली.

“म्हणजे तू जॉबर.”

“नाही बाबा. स्क्रममास्टर हुकूम सोडत नाही. तो टीमच्या वाटेतले अडथळे काढतो.”

“मग युनियनवाला.”

“तसंही नाही.”

बाबांनी पेपर पुन्हा तोंडापुढे धरला. “तरी पगार देतात?”

घरातल्या कपाटावरही त्यानं बोर्ड केला होता: ‘करायचंय’, ‘चालू आहे’, ‘झालं’. आईनं दुसऱ्या दिवशी कपाट पुसताना सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि एकगठ्ठा ‘झालं’मध्ये लावून कुकर चढवला.

मास्तरच्या सोशल मीडिया स्ट्रॅटेजीचा खरा कस दादरच्या एका साडीवाल्यांकडे लागला. मास्तरनं पडद्यावर त्यांचं ‘आदर्श गिऱ्हाईक’ दाखवलं: वय 28, राहणार पवई, आवड कॉफी आणि ट्रेकिंग, घरी दोन मांजरी.

मालक बराच वेळ बघत राहिले. “ही दुकानात कधी आली नाही.”

“येईल ना! रील्स तिच्यासाठीच आहेत.”

“आणि ज्या येतात त्या? वय 55, राहणार डोंबिवली. साडी बघायला दीड तास, घासाघीस अर्धा तास. त्यांचं काय करायचं?”

मास्तरनं हे पिवळ्या चिठ्ठीवर टिपून घेतलं आणि भिंतीवर लावलं. ती अजून तिथेच आहे.

खरं सांगायचं तर झटपट जाहिरात या गावाला नवी नाही. अमूलची ठिपकेदार फ्रॉकवाली पोर 1966 पासून ताज्या बातमीवर कोट्या करतेय. राहुल डाकुन्हा, मनीष झवेरी आणि चित्रकार जयंत राणे, एवढ्या तिघांनी वर्षानुवर्षं तो गाडा ओढला. गंमत चिठ्ठ्यांत नव्हतीच. अमूलच्या वर्गीस कुरियन यांनी एजन्सीला मोकळीक दिली होती की जाहिरात आधी मंजुरीला आणायची नाही. हे मी मास्तरला एकदा चहावर सांगितलं. त्याला फार पटलं. त्यानं ‘कुरियन’ अशी चिठ्ठी लिहिली आणि ‘पुढे बघू’च्या रकान्यात लावली.

मग गणपती आले. साडीवाल्यांची चतुर्थीची पोस्ट करायची होती, दोन आठवड्यांचा स्प्रिंट. काम किती जड, ते ठरवायला मास्तर पत्ते वाटतो. त्यांवर 1, 2, 3, 5, 8, 13 असे आकडे. शुभेच्छांची एक पोस्ट! मी 2 काढला, डिझायनरनं 3. विरारच्या मुलीनं डोळे न उघडता 13 टाकला. मास्तर म्हणाला, “जरा जास्त होतंय.” ती म्हणाली, “मालकांना दोन भाऊ आहेत.”

थोरल्यांना मोदक मोठा हवा होता, मधल्यांना मोदकापेक्षा लोगो मोठा. धाकट्यांनी पोस्ट अमेरिकेतल्या मुलाला पाठवली. त्यानं रंग फिके करा म्हणून कळवलं. फिके केल्यावर थोरले म्हणाले, सणासुदीला हे काय सुतकी! मास्तर रोज सकाळी ताज्या उत्साहानं विचारायचा, “अडलंय कुठे?” आम्ही तिघा भावांची नावं सांगायचो. तो ती लिहून लावायचा.

मंजुरी आली अनंत चतुर्दशीला दुपारी. रस्ते बंद, लालबाग-परळ गुलालात, खाली ताशा इतका कडकडत होता की मालकांचा “ओके” फोनवर तीनदा वदवून घ्यावा लागला. डिझायनरनं लॅपटॉप मिटला. विरारची मुलगी आता पूर्ण जागी होती आणि मास्तरकडे बघत होती.

मास्तर भिंतीपाशी गेला. पोस्टची चिठ्ठी ‘चालू आहे’मधून अलगद सोडवली, अगदी डावीकडच्या रकान्यात नेऊन दाबून बसवली आणि म्हणाला, “वाया काही जात नाही रे. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ एवढी एक ओळ घाल, बॅकलॉगला टाकू. तेवढ्यासाठी भावांना नको विचारायला.”

मग जरा थांबून म्हणाला, “का विचारूया?”